खून, अंतर आणि साक्षीदार: रोम ते आमेलिया

मंगळवार: कॅपिटोलाइनचा पायथा

रोममध्ये उतरल्यावर माणसं आधी कोलोसियम गाठतात. आम्ही आधी एक चाळ गाठली. व्हिक्टर इमॅन्युएलच्या पांढऱ्या अवाढव्य स्मारकाच्या उजव्या कुशीला, आजच्या रस्त्याच्या पातळीखाली, विटांची एक बहुमजली इमारत अर्धवट उभी आहे. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातली ही ‘इन्सुला’, म्हणजे भाड्याच्या खोल्यांची इमारत. तळाला दुकानं, त्यावर दुकानदारांचे पोटमाळे, आणि वर जावं तसतशा खोल्या लहान आणि अंधाऱ्या. अभ्यासकांच्या अंदाजाने इथे साडेतीनशेच्या वर माणसं राहत असावीत. येणारे-जाणारे पर्यटक कठड्यावरून एक नजर टाकतात आणि पुढे जातात. आम्ही मात्र तिथे अंधार पडेपर्यंत थांबलो.

दादा साताऱ्याच्या कोर्टात फौजदारी वकिली करतो. प्राचीन रोममध्ये घडणाऱ्या रहस्यकथांचं वेड आधी मला लागलं आणि मग त्याला. लिंडसे डेव्हिसचा नायक फाल्को सम्राट वेस्पाशियनच्या काळात, इ.स. ७० च्या आसपास, आव्हेन्टाइन टेकडीवरच्या अशाच एका इमारतीत वरच्या मजल्यावर राहतो. स्टीव्हन सेलरचा गॉर्डियानस त्याच्या दीडशे वर्षं आधीचा, प्रजासत्ताकाच्या पडत्या काळातला. दोघेही काल्पनिक, पण सेलरच्या कथांमागे खरे खटले आहेत आणि त्या खटल्यांचे कागद आजही वाचता येतात. त्या खटल्यांच्या जागा बघायच्या, अंतरं मोजायची, आणि त्या वेळी कोणाला काय दिसलं असेल याचा विचार करायचा, असा आमचा बेत होता. डिसेंबरचा पहिला आठवडा मुद्दाम निवडला होता. त्याचं कारण शुक्रवारी येईल.

रोममध्ये खून उकलणारे गुप्तहेर नव्हते. प्रजासत्ताकाच्या काळात पोलीस नव्हते आणि सरकारी वकीलही नव्हता. खून झाला तर कुणा नागरिकाने उठून कुणावर तरी आरोप ठेवायचा, पुरावा त्यानेच गोळा करायचा आणि कोर्टात भाषणही त्यानेच ठोकायचं. आरोपीच्या बाजूनेही तसंच. मग वकिलासाठी गल्लीबोळांतून माहिती आणणारा एखादा माणूस असणारच. त्याचं नाव इतिहासात उरलेलं नाही आणि कादंबरीकारांना नायक सापडतो तो नेमका तिथेच.

संध्याकाळी सान मार्को चर्चपर्यंत चालत गेलो. स्मारकापासून ते हाकेच्या अंतरावर आहे. या भागाचं जुनं नाव पाल्लाकिने. इथल्या स्नानगृहांजवळ इ.स.पू. ८१ मध्ये, अंधार पडून तासभर उलटल्यावर, सेक्स्टस रोस्कियस नावाच्या एका सधन गावकऱ्याचा खून झाला. तो मेजवानी आटोपून घरी निघाला होता. बरोबर दोन गुलाम होते. रस्त्यावर दिवे नव्हते. रोमन कवी जुव्हेनालने लिहून ठेवलं आहे की रोममध्ये मृत्युपत्र न करता रात्री जेवायला बाहेर पडणारा माणूस निष्काळजी म्हणायचा. खिडकीतून डोक्यात काय पडेल याचा नेम नाही, आणि कोपऱ्यावर कोण उभं असेल याचाही नाही.

चर्चसमोरच्या बाकावर बसून दादाने पहिला प्रश्न विचारला तो वकिलाचा. “त्या दोन गुलामांचं पुढे काय झालं?”

उत्तर आमेलियात आहे.

बुधवार: लार्गो आर्जेन्टिना आणि फोरम

लार्गो आर्जेन्टिनाच्या खोलगट चौकात २०२३ च्या जूनपासून खाली उतरून फिरता येतं. चार देवळांचे अवशेष आहेत, खांबांवर ऊन खात बसलेली मांजरं आहेत, आणि मागच्या बाजूला सेनानी पॉम्पेने बांधलेल्या सभागृहाच्या पायाचे दगड आहेत. १५ मार्च, इ.स.पू. ४४ रोजी सीझर इथे पडला. त्याच्या देहावर तेवीस वार होते. आंटिस्टियस नावाच्या वैद्याने ते तपासले आणि फक्त दुसरा, छातीतला वार जीवघेणा होता असं मत दिलं, असं चरित्रकार सुएटोनियस नोंदवतो. शवतपासणीच्या सर्वांत जुन्या नोंदींत ही गणली जाते. गंमत पाहा, ज्या खुनात मारेकऱ्यांनी स्वतःच बाहेर येऊन कबुली दिली, त्याच्याच जखमा मोजल्या गेल्या.

फोरममध्ये, म्हणजे प्राचीन रोमच्या मुख्य चौकात, दुपारभर होतो. देवळं आणि कमानी यांविषयी पुष्कळांनी लिहिलं आहे. मला इथे बघायचं होतं ते कोर्ट. आणि खटले उघड्यावर चालत. न्यायदान करणाऱ्या अधिकाऱ्याचा, म्हणजे प्रेटरचा, लाकडी मंच, पंचांचे बाक, भोवती गर्दी, शेजारच्या देवळात कसला तरी विधी आणि पलीकडे बाजार. बापाच्या खुनाचा आरोप रोस्कियसच्या मुलावरच आला, त्याच्या बाजूने वकील सिसेरोचं भाषण इथे इ.स.पू. ८० मध्ये झालं. तेव्हा तो २६ वर्षांचा होता. या गोंगाटात मागच्या माणसापर्यंत आवाज पोचवायचा तर वाक्यं लांब, तालबद्ध आणि पुन्हा पुन्हा तेच ठसवणारी का असावीत, हे वाचताना कळत नाही. इथे उभं राहिलं की कळतं.

दादाला इथे दोन प्रकरणं सांगितली. दोन्ही रोमन इतिहासकार टॅसिटसने दिलेली.

पहिलं इ.स. २४ मधलं. प्लॉटियस सिल्व्हानस हा प्रेटर, त्याची बायको आप्रोनिया वरून खाली पडून मेली. तिच्या बापाने जावयाला सम्राट टायबेरियसपुढे उभं केलं. सिल्व्हानस म्हणाला, मी गाढ झोपेत होतो, तिने आपणहून जीव दिला. टायबेरियस तडक त्या घरी गेला, शेजघर पाहिलं, आणि तिथे तिने केलेल्या प्रतिकाराच्या आणि तिला ढकलल्याच्या खुणा त्याला दिसल्या. त्याने प्रकरण सिनेटकडे सोपवलं. सिल्व्हानसच्या आजीने नातवाकडे खंजीर पाठवून दिला, त्यातून काय समजायचं ते तो समजला आणि अखेर त्याने नसा कापून घेतल्या. त्याच्या पहिल्या बायकोवर, नुमांटिनावर, चेटूक करून त्याला वेडं केल्याचा आरोप आला. ती निर्दोष सुटली.

“म्हणजे सम्राटाने स्वतः पंचनामा केला,” दादा म्हणाला. त्याचा चेहरा उजळला होता. घटनास्थळ पाहून जबाब खोटा ठरवण्याचं इतकं स्वच्छ उदाहरण रोमन ग्रंथांत मला दुसरं माहीत नाही. समोर पॅलाटाइनवर टायबेरियसच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या राजवाड्याच्या कमानी दिसत होत्या, त्यामुळे ऐकायला आणखी बरं वाटलं.

दुसरं प्रकरण सांगताना मात्र आवाज बसतो. इ.स. ६१ मध्ये रोमचा नगरप्रमुख पेडानियस सेकुंडस याला त्याच्याच एका गुलामाने मारलं. कारण दोन सांगितली जात. एक, मोकळं करण्याची रक्कम ठरली असून मालकाने शब्द फिरवला. दुसरं, एका मुलावरून दोघांत वैर होतं. जुना रिवाज असा की मालक घरात मारला गेला तर त्या छपराखालचे सगळे गुलाम मारायचे, कारण कुणीतरी ओरडायला हवं होतं, धावून जायला हवं होतं. त्या घरात ४०० गुलाम होते. त्यांत बायका होत्या, पोरं होती. शहरातली गरीब माणसं रस्त्यावर उतरली, सिनेटला घेराव पडला. कायदेपंडित कॅसियस लॉन्जिनसने उठून सांगितलं की निरपराध मरतील हे खरं, पण धाक राहिला पाहिजे. नीरोने सगळ्या वाटेवर सैनिक उभे केले आणि त्या ४०० जणांना मारायला नेलं.

दादा बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, “यातल्या एकाने तरी काही पाहिलं असणार. त्यालाही मारला.”

मी रोमन रहस्यकथा याच मापाने मोजते. लेखकाला विषांची नावं किती येतात, टोगाच्या चुण्या किती बरोबर आहेत, यावर माझं मत ठरत नाही. पाणी भरणाऱ्या, दार उघडणाऱ्या, मशाल धरून पुढे चालणाऱ्या माणसाला त्याने काय बोलू दिलं, यावर ठरतं. रोमन घरात सगळं ठाऊक असायचं ते त्यालाच. आणि कायद्याने त्याची साक्ष ग्राह्य धरली जायची ती छळ करून काढली तरच, तीही सहसा स्वतःच्या मालकाविरुद्ध नाही.

गुरुवार: ओस्टिया

रोममधल्या पिरॅमिडजवळच्या स्टेशनावरून गाडीने अर्ध्या तासात ओस्टिया आन्तिका. हे रोमचं जुनं बंदर. नदी सरकली, गाळ साचला, माणसं निघून गेली आणि गाव राहिलं. पॉम्पेई एका क्षणी झाकलं गेलं, हे हळूहळू रिकामं झालं. त्यामुळे इथे भिंती आहेत, सामान नाही. पण कथा लिहिणाऱ्याला भिंतीच जास्त उपयोगी पडाव्यात. जिने कुठून चढतात, कोणत्या खिडकीतून कुठलं दार दिसतं, हे इथे फिरून पाहता येतं.

देवी डायानाच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या गल्लीत एक खाणावळ आहे. संगमरवरी ओटा, मागे फडताळं, भिंतीवर खाद्यपदार्थांचं चित्र, परसात बसायला जागा. समोर तीन-चार मजली घरांचे खालचे मजले. रस्ता इतका अरुंद की समोरासमोरच्या खिडक्यांतून गप्पा मारता याव्यात. दुकानांच्या दारावर लहान चौकोनी झरोके दिसतात, ते दुकानात झोपणाऱ्या कुटुंबाच्या माळ्याचे. रात्री गल्लीत पाऊल वाजलं तर पहिलं कानावर पडणार ते याच लोकांच्या. आम्ही त्या गल्लीतून तीनदा गेलो आणि दादाने दर वेळी एखादा नवा साक्षीदार काढला.

फोरमच्या स्नानगृहांशेजारचं सार्वजनिक शौचालय सगळे बघतात, फोटो काढतात. वीस बैठका, मध्ये आडोसा नाही. तिथे बसून माणसं बोलत असणार, आणि ऐकणारेही असणार.

माझं खरं लक्ष्य होतं गस्तवाल्यांची बराक. नेपच्यूनच्या स्नानगृहामागे आहे. ऑगस्टसने इ.स. ६ मध्ये रोमसाठी व्हिजिलेस ही सात तुकड्यांची संघटना उभी केली. शहराचे चौदा विभाग, दोन विभागांना एक तुकडी. मूळ काम आगी विझवण्याचं. रात्रभर गस्त घालायची, पायात जोडे, बरोबर आकडे आणि कुऱ्हाडी. पण रात्री हिंडणाऱ्याला चोर, घरफोडे, पळालेले गुलाम हेही भेटणारच. त्यामुळे जाळपोळ, चोरी, घरफोडी, लुटारू आणि चोरीचा माल घेणारे यांची सुनावणी त्यांच्या प्रमुखाकडे आली, आणि मोठी प्रकरणं नगरप्रमुखाकडे. बंदरातल्या गोदामांसाठी त्यांची एक तुकडी ओस्टियात असायची. बराकीत मोठं अंगण आहे, भोवती खोल्या, आणि एका टोकाला सम्राटपूजेचं दालन. तिथल्या काळ्या-पांढऱ्या मोझाइकमध्ये बैलाचा बळी दाखवला आहे.

फाल्कोचा जिवलग मित्र याच दलात आहे, ते का, हे इथे उमगतं. इ.स. ६ नंतरच्या कथेला हाक मारायला कुणीतरी आहे, दरवाजा फोडायला हत्यार आहे. त्याआधीच्या गॉर्डियानसला असं कुणी नाही. म्हणून त्या कथा जास्त अंधाऱ्या वाटतात, आणि मला त्याच जास्त आवडतात.

शुक्रवार: व्हिया आप्पिया

११८ क्रमांकाच्या बसने सेसिलिया मेटेलाच्या थडग्यापर्यंत गेलो आणि तिथून व्हिया आप्पिया या प्राचीन रोमन रस्त्याने चालायला सुरुवात केली. रोस्कियसच्या मुलाला आसरा देणारी बाईही सेसिलिया मेटेला, पण हे थडगं तिचं नाही, त्याच घराण्यातल्या नंतरच्या एकीचं. काळे गुळगुळीत फरशीदगड, त्यांत गाड्यांच्या चाकोऱ्या, दोन्ही बाजूंना मोडकी थडगी आणि छत्रीसारखे पाइन. जुलै २०२४ मध्ये हा रस्ता जागतिक वारसा यादीत गेला. ती बैठक नवी दिल्लीत भरली होती.

आम्हाला जायचं होतं बोव्हिलेला, म्हणजे आजच्या फ्रात्तोक्कियेच्या परिसरात, रोमपासून बारा-तेरा रोमन मैलांवर. १८ जानेवारी, इ.स.पू. ५२ रोजी तिथे क्लोडियस हा राजकारणी मारला गेला. त्या काळचं कॅलेंडर ऋतूंपासून बरंच सरकलेलं होतं. सूर्याच्या हिशेबाने ते दिवस डिसेंबरच्या सुरुवातीचे, आणि म्हणून आम्हीही त्याच दिवसांत आलो होतो.

दोन बाजू दोन गोष्टी सांगतात. मिलो हा क्लोडियसचा कट्टर वैरी. मिलो बायको फाउस्टासह रथात बसून रोममधून बाहेर चालला होता, बरोबर गुलामांचा मोठा ताफा आणि काही ग्लॅडिएटर. क्लोडियस घोड्यावरून रोमकडे येत होता, बरोबर तीसेक शस्त्रधारी गुलाम. दोन ताफे एकमेकांना ओलांडून गेले आणि शेपटाकडच्या माणसांत जुंपली. बिर्रिया नावाच्या ग्लॅडिएटरने क्लोडियसच्या खांद्यात शस्त्र खुपसलं. जखमीला जवळच्या खाणावळीत नेलं. मिलोने विचार केला की हा जगला तर जास्त धोका, आणि त्याला बाहेर ओढून संपवायला लावलं. देह रस्त्यावर पडला. मागून येणाऱ्या टेडियस नावाच्या सिनेटरने तो आपल्या पालखीत घालून रोमला पाठवला. हे सगळं सांगतो अस्कोनियस. त्याने शंभरेक वर्षांनंतर, आपल्या मुलांना सिसेरोची भाषणं समजावीत म्हणून टिपा लिहिल्या. सिसेरो मात्र मिलोचा वकील. त्याच्या म्हणण्याने क्लोडियसच दबा धरून बसला होता आणि मिलोने स्वसंरक्षण केलं.

फरक वेळेत आहे. अस्कोनियस म्हणतो नववा तास, सिसेरो म्हणतो अकरावा. रोमन लोक सूर्योदय ते सूर्यास्त बारा समान तास धरत. या दिवसांत दिवस सव्वानऊ तासांचा, म्हणजे रोमन तास आपल्या ४६ मिनिटांचा. नववा तास दुपारी दीड ते सव्वादोन. अकरावा तीन ते पावणेचार. सिसेरोला उशिराची वेळ हवी, कारण काळोख पडायच्या वेळी रस्त्यावर घुटमळणारा माणूस दबा धरून बसलेला वाटतो.

अस्कोनियसने आणखी एक वेळ दिली आहे. देह रात्रीच्या पहिल्या तासाआधी रोमला पोचला. इथे दादा थांबला. एका थडग्याच्या पायरीवर बसून त्याने वहीत आकडे मांडले. सूर्य मावळतो साधारण पावणेपाचला. रात्रीचा पहिला तास संपतो सहाच्या सुमारास. अंतर अठरा-एकोणीस किलोमीटर, खांद्यावर पालखी, आत मेलेला माणूस. ताशी पाच किलोमीटरचा वेग धरला तरी पावणेचार तास हवेत. मारामारी तीननंतर झाली, मग खाणावळ, मग बाहेर ओढणं, तर सहापर्यंत रोम गाठणं कसं शक्य आहे? दीड-दोनच्या सुमारास झाली असेल तर जेमतेम जमतं. “उलटतपासणीत एवढं एक पुरलं असतं,” तो म्हणाला. आमच्या स्वतःच्या पायांनी त्याला दुजोरा दिला. हातात काही ओझं नसताना दुपारपर्यंत आमचा वेग त्याहून फारसा जास्त नव्हता.

फ्रात्तोक्किये हे आज रहदारीचं गाव आहे. तिथल्या मॅकडोनाल्ड्सच्या बांधकामात २०१४ मध्ये आप्पियाला फुटणाऱ्या एका रोमन फाट्याचा ४५ मीटर तुकडा सापडला. तो काचेच्या जमिनीखाली जपला आहे, खाली उतरून पाहताही येतो. गटारात पुरलेल्या तीन माणसांचे सांगाडेही तिथेच मिळाले. बर्गर खाणाऱ्या पोरांच्या पायाखाली तो रस्ता पाहून मला बरं वाटलं. जपायची ही रीत चांगली आहे.

पुढची हकिगत परतीच्या गाडीत आठवली. क्लोडियसची बायको फुल्व्हिया हिने घराच्या दिवाणखान्यात जमलेल्या लोकांना नवऱ्याच्या जखमा दाखवल्या. जमावाने देह फोरममध्ये नेला आणि सिनेटच्या सभागृहातच बाक-टेबलांची चिता रचून जाळला. सभागृहही जळालं. खटल्याच्या दिवशी पॉम्पेचे सैनिक फोरमभर उभे होते. ३८ पंचांनी मिलोला दोषी ठरवलं, १३ जणांनी निर्दोष, आणि तो मार्सेयला हद्दपारीत गेला. आज वाचायला मिळतं ते भाषण सिसेरोने नंतर घासूनपुसून लिहिलेलं. ब्रूटसचं मत असं होतं की स्वसंरक्षणाचा बचाव घ्यायलाच नको होता, क्लोडियस मरण्यात देशाचं हित होतं असंच म्हणायला हवं होतं. दादाला दोन्ही पटेनात.

आणि गुलाम? फिर्यादी पक्षाने मिलोच्या गुलामांना जबाबासाठी मागितलं. मिलोने खुनानंतर लगेच त्यांना मुक्त केलं होतं. मुक्त माणसाचा छळ करून जबाब घेता येत नव्हता. सेलरने हेच प्रकरण ‘अ मर्डर ऑन द ॲपियन वे’ या कादंबरीत घेतलं आहे, आणि तिचा नायक आमच्यासारखाच रस्त्यावरच्या माणसांना विचारत हिंडतो.

शनिवार: आमेलिया

टर्मिनीहून ओर्तेपर्यंत रेल्वे, पुढे बस. उंब्रियाच्या टेकडीवरचं हे गाव रोमन काळातलं अमेरिया. बस थांबते ती पोर्ता रोमानाजवळ आणि पहिल्यांदा दिसतात ते तटाचे दगड. चुन्याशिवाय एकमेकांत बसवलेले अवाढव्य बहुकोनी चिरे. २००६ मध्ये त्यातला एक भाग कोसळला होता. रोस्कियसच्या वेळीही हा तट जुनाच होता.

मंगळवारी सांगितलेला खून इथे येऊन उलगडतो. मयत याच गावचा. वार झाले रोममध्ये अंधार पडून तासभर झाल्यावर, आणि पहाट फुटताना बातमी इथे पोचलेली होती. ग्लाउकिया नावाच्या माणसाने रात्रीचे दहा तास हलक्या गाड्या बदलत ५६ रोमन मैल तोडले, म्हणजे सुमारे ८३ किलोमीटर. आम्ही बसमधून टायबरची दरी आणि चढ पाहत आलो, तो रस्ता रात्री, थंडीत, ताशी आठ किलोमीटरने कापायचा. बदलत्या गाड्या जागोजागी उभ्या असल्याशिवाय हे होत नाही. म्हणजे खुनाआधी गाड्या ठरल्या होत्या. असं सिसेरोने उघड म्हटलेलं नाही. हा निष्कर्ष दादाचा, आणि मला तो पटतो.

बातमी मुलाला दिली गेली नाही. ती दिली टायटस रोस्कियस कापिटोला, मयताच्या भाऊबंदातल्या वैऱ्याला. चार दिवसांत ती व्होलाटेर्रेला हुकूमशहा सुल्लाच्या छावणीत, त्याचा लाडका मुक्त गुलाम क्रिसोगोनस याच्याकडे पोचली. ज्यांना मारून मालमत्ता जप्त करायची, अशा सुल्लाच्या शत्रूंच्या याद्या १ जूनलाच बंद झाल्या होत्या. तरी मयताचं नाव मागाहून आत घुसवलं गेलं आणि मालमत्ता जप्त झाली. तेरा जमिनी, बहुतेक टायबरला लागून. किंमत ६० लाख सेस्टर्स. क्रिसोगोनसने त्या घेतल्या २,००० ला. त्यातल्या तीन कापिटोला मिळाल्या. गावाने सुल्लाला भेटायला दहा जणांचं शिष्टमंडळ पाठवलं, त्यात एक कापिटोच होता. शिष्टमंडळ सुल्लाला न भेटताच परत आलं. मग मुलावरच बापाच्या खुनाचा आरोप ठेवला गेला. त्याची शिक्षा पोत्यात शिवून नदीत फेकण्याची.

“जमिनीचाच वाद,” दादा म्हणाला. “सातबारा कुणाच्या नावे झाला ते बघ, बाकीचं आपोआप कळतं.” सिसेरोने भाषणात जुन्या न्यायाधीश कॅसियसची आठवण काढली आहे. प्रत्येक खटल्यात तो एकच विचारायचा: यात फायदा कुणाचा झाला?

आणि ते दोन गुलाम. खुनाच्या रात्री तेच मयताबरोबर होते. मुलगा विनवत होता की त्यांचा जबाब घ्या. एरवी आरोपी अशा जबाबाला घाबरतो, इथे आरोपीच तो मागत होता. पण जप्त मालाबरोबर गुलामही क्रिसोगोनसच्या घरी गेले होते आणि नवा मालक त्यांना द्यायला तयार नव्हता. सिसेरो हा मुद्दा पुन्हा पुन्हा घासतो. माझ्या मते आख्ख्या भाषणात सर्वांत भक्कम पुरावा हाच. मुलगा सुटला. पण जमिनी परत मागायला सिसेरोने नकार दिला होता, त्याने भाषणातच सांगून टाकलं की माझ्या अशिलाला फक्त जीव हवा आहे. सेलरची पहिली गॉर्डियानस कादंबरी ‘रोमन ब्लड’, १९९१ ची, याच खटल्यावर बेतलेली.

गावाच्या पोटात, चौकाखाली, रोमन पाण्याची टाकी आहे, एकाला एक लागून दहा दालनं. ती पाहून संग्रहालयात गेलो. तिथे १९६३ मध्ये तटाबाहेर सापडलेला, सम्राट टायबेरियसचा पुतण्या जर्मानिकस याचा कांस्य पुतळा आहे, पुरुषभर उंचीहून मोठा, चिलखतातला. त्याच्यापुढे आम्ही खूप वेळ काढला, कारण तोही एका खटल्यातला मयत.

रविवार: डायोक्लेशियनची स्नानगृहं

इथल्या संग्रहालयात शिशाचे पत्रे आहेत, शत्रूवर शाप कोरून, गुंडाळून पाण्यात किंवा थडग्यात टाकलेले. १९९९ मध्ये पारिओली भागात जमिनीखालच्या वाहनतळाचं काम सुरू असताना आन्ना पेरेन्ना या देवतेचं कारंजं सापडलं. त्याच्या तळाशी असे पत्रे मिळाले, आणि एकात एक बसवलेल्या शिशाच्या डब्यांत कणकेसारख्या मऊ पदार्थाच्या मानवी आकृत्या. एका डब्यावर बंद करणाऱ्याच्या बोटांचे ठसे उमटले आहेत. इटालियन पोलिसांच्या तज्ज्ञांनी ते तपासले. दादा त्या कपाटापुढून हलेना.

मला तिथे जर्मानिकस आठवला. इ.स. १९ मध्ये तो अँटिओकला आजारी पडून मेला आणि मरताना त्याने सीरियाचा सुभेदार पिसो याच्याकडे बोट दाखवलं. जर्मानिकसच्या घराच्या भिंतींतून, जमिनीतून मानवी अवशेष निघाले आणि त्याचं नाव कोरलेले शिशाचे पत्रे निघाले, असं टॅसिटस लिहितो. पिसोवर पुढच्या वर्षी सिनेटमध्ये खटला चालला. निकाल लागण्याआधी एका पहाटे तो गळा चिरलेला सापडला, शेजारी तलवार. सिनेटचा अधिकृत ठराव स्पेनमध्ये कांस्यपत्र्यांवर मिळाला आणि १९९६ मध्ये प्रसिद्ध झाला. पिसोची बायको प्लान्सिना राजमातेच्या शब्दावर सुटली.

यातला एक साक्षीदार रोमपर्यंत पोचलाच नाही. मार्टिना, सीरियातली विषांसाठी कुख्यात बाई, प्लान्सिनाची लाडकी. पिसोच्या जागी आलेल्या सेन्शियसने तिला रोमला पाठवलं होतं. ब्रुंडिसियमला, इटलीच्या किनाऱ्यावर पाऊल ठेवताच ती अचानक मेली. केसांच्या गाठीत विष लपवलेलं निघालं, अंगावर मात्र विष घेतल्याची कसलीही खूण नव्हती.

विमानतळाकडे जाताना आमची जुंपली ती यावरून. माझं म्हणणं, तिने स्वतःच घेतलं, पुढे काय वाढून ठेवलंय ते तिच्याइतकं कुणाला ठाऊक असणार. दादाचं म्हणणं, गाठीत विष तसंच उरलं आणि अंगावर खूण नाही, तर मग ती त्या विषाने मेली हे कशावरून? आधी त्या बोटीवर पहाऱ्याला कोण होतं आणि तिची झडती मरायच्या आधी घेतली की नंतर, हे सांग. मी म्हटलं, टॅसिटस ते सांगत नाही. “मग कुणीतरी कादंबरी लिहायला हवी,” तो म्हणाला, आणि सुरुवात बोटीवर जेवण वाढणाऱ्या पोरीच्या जबाबापासून करायची, हेही त्याने ठरवून टाकलं.